गोळी लागू पडेना

फरीदाबाद,
१६ फेब्रुवारी २०२५

विनयाताई,

नमस्कार. इथे सगळं ठीक. थंडी ओसरतेय. तुझा दवाखाना, मयुराची शाळा बरी चालली असेल. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र.

तीन वर्षं माझ्या थायरॉईडच्या गोळीचा डोस वाढत गेला, तरी रिपोर्ट सुधारेना. तेव्हा तू विक्रांतला सांगितलंस, "तुझी बायको गोळ्या टाकून देत असणार. लहानपणापासून चुकार आहे." घरातली डॉक्टर तू, त्याला पटलं. मग रोज सकाळी तो समोर उभा राहायचा. गोळी गिळली की, "जीभ वर कर." छत्तीस वर्षांची मी, जीभ वर करून दाखवायचे.

मागच्या वर्षी इथल्या एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पेट कैसा रहता है?" तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. सारखं पोट बिघडतं, हे मी आपणहून तुला सांगितलं होतं, तेव्हा तू "तिकडचं पाणी" म्हणून हसलीस.

रक्त तपासलं, एंडोस्कोपी झाली. सीलिअॅक निघाला. गव्हाने आतडंच खराब झालेलं, गोळी अंगात भिनणार कुठून? त्या म्हणाल्या, दोन्ही दुखण्यांत शरीर स्वतःवरच उलटतं. एक असलं की दुसरंही शोधावं. तू हे शिकली असशीलच. गहू सोडल्यापासून माझा डोस निम्म्यावर आलाय.

टाळत होते, पण लिहितेच. चौथ्या महिन्यात बाळ गेलं, तेव्हा हॉस्पिटलात माझ्या उशाशी विक्रांत म्हणाला, "गोळ्या नीट घेतल्या असत्यास तर..." शब्द तुझेच होते. आणि मी ते खरं मानलं, ताई. स्वतः रोज गोळी गिळत असूनही. यामुळेच गेलं का, असं डॉक्टरीणबाईंना विचारलं. "पक्का नहीं कह सकते," म्हणाल्या.

रिपोर्ट दाखवला, तर विक्रांत नुसतं "अच्छा" म्हणाला. ऑक्टोबरपासून तो गुडगावला वेगळा राहतो. आईला सांगितलेलं नाही.

आईकडून कळलं, तुझ्या मयुराची उंची खुंटलीय, तिलाही थायरॉईडची गोळी सुरू झाली. तिची सीलिअॅकची तपासणी कर. निदान होईपर्यंत पोळी बंद करू नकोस, नाहीतर रक्तात काही सापडणार नाही. मी सांगतेय म्हणून टाळू नकोस.

निकाल आईला कळव. माफी मागायला फोन मात्र करू नकोस. मी उचलेन, आणि मग मला "जाऊ दे" म्हणावं लागेल.

देवयानी