काढेवाली पुलावर का गेली नाही

३ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आशीर्वाद लिहायची हाताला सवय आहे म्हणून लिहिले, आज मनातून काही निघत नाहीत. आई गेली तरी तिचा नियम तुला ठाऊक आहे: राग आला की तोंड उघडायचं नाही, कागद घ्यायचा. म्हणून तुझे चार फोन उचलले नाहीत.

आमच्या दातांच्या लॅबमध्ये माझ्या शेजारी एक नवी मुलगी बसते. जेवणाच्या सुट्टीत ती फोनवरून एक गोष्ट सगळ्यांना वाचून दाखवते. त्या गाजलेल्या जादूगारांच्या पुस्तकांतली माणसं उचलून वाचकच एका साइटवर पुढच्या गोष्टी लिहितात म्हणे. हिच्या आवडत्या गोष्टीत एक काढेवाली चेटकीण आहे आणि उडती गाडी हाकणारा एक जादूगार. मी आपली कवळीचं मेण तासत ऐकत होते. ही काढेवाली काढा किती कढत आहे ते मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघते. घड्याळाची तबकडी आत वळवून बांधते. चिडली की भांडी घासायला काढते, घासलेलीसुद्धा. या तर माझ्याच सवयी. लेखिकेचं नाव विचारलं तर म्हणाली, खारूताई. गालात शेंगदाणे भरून झोपायचीस म्हणून हे नाव तुला मीच ठेवलंय.

नववा भाग तर मी उभ्यानेच ऐकला. गाडीवान दोन गाठोडी घेऊन पुलावर दिवे लागेपर्यंत उभा राहतो आणि काढेवाली जात नाही. का, तर तू लिहितेस, तिला सुखी माणसांपेक्षा अडलेली माणसं जास्त आवडत, कुणी आपल्यावाचून अडलं की तिला मोठं झाल्यासारखं वाटे. लॅबमधल्या सगळ्या म्हणाल्या, अगदी खरं, अशा बायका असतात. मीही मान डोलावली. काय करणार होते?

तुझ्या वेण्या घातल्या, फिया भरल्या, परीक्षेच्या दिवसांत तुझ्याबरोबर जागले. त्याचं हे फळ. तो भाग काढून टाक. ती. बाबांना यातलं काही सांगू नकोस, त्यांची काळजी घे. माझ्या लोभाचं म्हणशील तर तो सध्या कपाटात घालून कुलूप लावलंय.

तुझी ताई


९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाग काढणार नाही. नमस्कार मात्र मनापासून केला आहे.

आधी जादूगारांचं ऐक. मूळ पुस्तकात काढेवाली आणि गाडीवान या दोघांना मिळून दोन ओळी आहेत. तो पुलावर थांबला, ती आली नाही. बस. कारण नाही, काही नाही. वाचक वर्षानुवर्षं त्यावर डोकी फोडताहेत. कुणी म्हणतं तिच्यावर मंत्र टाकला होता, कुणी म्हणतं ती घाबरली. मला ते सगळं थातूरमातूर वाटायचं, कारण मी एक पूल खरा पाहिला होता.

मी सोळा वर्षांची होते, ताई. क्लासहून येताना बसस्टँडवर तुझा तो क्लिनिकची गाडी चालवणारा उभा दिसला. पायाशी दोन बॅगा. मला बघून हसला आणि तू निघालीस का म्हणून विचारलं. मला काही माहीत नव्हतं. घरी आले तर तू बाबांचे कपडे इस्त्री करत होतीस, एकावर एक घड्या, जणू काही झालंच नाही. मी पुन्हा स्टँडवर गेले. तो तिथेच होता. तिसऱ्यांदा गेले तेव्हा बाक रिकामा होता. मला तो आवडायचा, माझ्या सायकलची चेन त्यानेच बसवून दिली होती. त्या दिवसापासून मी तुझ्यावर रागावले आहे आणि तुला त्याचा पत्ताही नाही.

तू एक शब्द बोलली नाहीस. नुसते सुस्कारे. तुझ्या प्रत्येक सुस्काऱ्याला मला वाटायचं, हा माझ्यामुळे. अकरा वर्षं उपकाराच्या ओझ्याखाली वाकून चालले मी. तू कारण दिलं नाहीस म्हणून मी बनवलं. तुझी बाजू वेगळी असेल तर सांग की.

गंमत म्हणजे तुझ्यासारखाच एक वाचक माझ्याशी भांडतोय. 'दिवाभीत' नाव घेतो. म्हणतो, ही काढेवाली निरोप न देता कुणाला ताटकळत ठेवणारी नव्हे, निरोप कुठे गेला ते लेखिकेने शोधावं. मी त्याला गप्प बस म्हणून कळवलंय.

बाबा बरे आहेत. कवळी सैल झाली म्हणून कुरकुर करतात. कुलूप काढशील तेव्हा किल्ली हरवली म्हणू नकोस.

तुझी धाकटी


१४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

इस्त्री करत होते म्हणे. हॉस्पिटलात न्यायचे कपडे होते ते. शुक्रवारी लॅबमध्ये फोन आला की बाबांना खाट मिळाली, सोमवारी ऑपरेशन. रविवारी मी बसमध्ये बसून दुसऱ्या गावी संसार थाटायला जायचं होतं. तू असतीस तर गेली असतीस का? आणि निरोप न देता बसवून ठेवणारी मी वाटले तुला?

आता ऐक, कारण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तयार कवळ्या न्यायला तो रोज लॅबमध्ये यायचा. सगळ्यांदेखत बोलायची सोय नव्हती, म्हणून आम्ही कवळीच्या डब्यातून चिठ्ठ्या पाठवायचो. तळाशी चिठ्ठी, वर कापूस, त्यावर कवळी. वाटेत तो काढून घ्यायचा. त्या शुक्रवारीही मी लिहिली. बाबांचं ऑपरेशन आहे, दोन महिने थांब, मग मला न्यायला ये. कापूस घातला. तेवढ्यात पुन्हा हॉस्पिटलचा फोन आला, तो घेऊन आले, टेबलावरच्या दोन कवळ्या दोन डब्यांत ठेवल्या, एक बाबांची आणि एक क्लिनिकची, आणि त्याचा डबा त्याच्या हातात दिला. चिठ्ठी मिळूनही तो दोन बॅगा घेऊन उभा राहिला होता, हे मला तुझ्या पत्रापर्यंत ठाऊकच नव्हतं; का, ते अजून कळत नाही. मला एवढंच ठाऊक की दोन महिने झाले आणि तो आला नाही. तीन झाले, सहा झाले. तेव्हा समजले काय समजायचं ते.

म्हणजे सोडून गेला तो, आणि तुझ्या गोष्टीत दगड मी. लिही आता हे तुझ्या जादूगारांना. जमलं तर स्वतःवरचं ओझंही त्याच पानावर टाक, मी तुझ्यासाठी थांबले नव्हते. दोन महिन्यांनी जाणार होते.

जपून राहा. एवढंच.

तुझी ताई


२१ मार्च

चि. थोरलीस,
अ. आ.

धाकटीने तुझं पत्र मला जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं. सांगू नको म्हणाली होतीस, पण ती ऐकते कुठे. बरं झालं.

चिठ्ठी माझ्या डब्यात होती. कवळी उचलली, कापूस उचलला, खाली ती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. वाचली. तू ती मुद्दाम माझ्यासाठी ठेवलीस असं मला वाटलं, हे खोटं सांगणार नाही. कुणाची आहे ते पहिल्या ओळीतच कळलं होतं. मी घाबरलो. मी उठलो नाही तर धाकटीचं काय, एवढंच डोक्यात होतं. उशीखाली ठेवली. बरा झालो की देईन म्हटलं. बरा झालो तर वाटलं, इतके दिवस का ठेवली म्हणून विचारशील. एक दिवसाचे आठ झाले, आठाचा महिना. पुढे तू काही बोलेनास, मी मनाची समजूत घातली की पोरगी विसरली.

स्वार्थीपणा होता. म्हातारपणी दुसरा शब्द शोधत बसत नाही. चिठ्ठी सोबत पाठवतो आहे. माफ कर म्हणवत नाही. आजवर मागितलं नाही ते आता कोणत्या तोंडाने मागू.

बाबा


२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांच्या पत्राला तुझं उत्तर नाही. ते रोज दाराशी जाऊन येतात. मीही त्यांच्याशी चार दिवस बोलले नव्हते, हे आधी सांगते, म्हणजे मी त्यांची वकिली करते आहे असं म्हणणार नाहीस. राग आहेच. पण सैल कवळी काढून ठेवून ते नुसती पेज पितात, ते बघवत नाही.

नववा भाग मी बदलला. काढेवालीने निरोप पाठवला होता आणि तो चुकून दुसऱ्याच घरी गेला, एवढंच लिहिलं. डबा लिहिला नाही, कवळी लिहिली नाही, तुझं काही उघडं केलं नाही. पण गर्वाची ओळ तशीच ठेवली, फक्त पुढे सरकवली. पुलावर न जाण्यात गर्व नव्हता हे कबूल. पण सहा महिन्यांत एकदाही जाऊन विचारलं नाहीस, त्यात होता. त्याच्यातही होता. दोघं सारखेच हट्टी, तर माझी गोष्ट पुढे सरकणार कशी?

आता नीट बसून वाच. काल त्या दिवाभीताचा अभिप्राय आला. एकच ओळ आहे. 'कापसाखाली ठेवली होती का?'

ताई, कापूस मी कुठेच लिहिलेला नाही. मी त्याला काहीही कळवलेलं नाही. काय करू ते सांग.

तुझी धाकटी


६ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ., आज मनापासून.

तू काही करायचं नाहीस. तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरातली सगळी भांडी घासली, मग शेजारणीची मागून आणली. ती विचारत होती, पाहुणे येणार आहेत का.

रागाचं विचारशील तर तो पुरून उरला आहे. बाबांवर आहे. तुझ्यावर आहे, कारण गर्वाचं तू बरोबर लिहिलंस आणि ते मला लॅबमध्ये बसून ऐकायला लागणार. त्याच्यावर सगळ्यात जास्त. परक्या चेटकिणीची बाजू घेऊन अनोळखी लेखिकेशी भांडायला वेळ होता गड्याला, लॅबचं दार ठोठावायला नव्हता. माझ्यावरही आहे, पण तो मी माझा बघेन.

बाबांना घेऊन रविवारी ये. त्यांच्याशी काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही, सुचेल असंही नाही. पण नवी कवळी मीच करणार. मेणाचा साचा घेताना त्यांना अर्धा तास तोंड उघडून गप्प बसावंच लागेल, तेव्हा मी बोलेन. पेज बंद कर म्हणावं.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडून साइटवर लिहायचं कसं ते शिकून घेतलं. का, ते तिला सांगितलं नाही. दिवाभीताच्या ओळीखाली मी स्वतः लिहिलंय, तू बघशीलच. 'हो, कापसाखालीच. पण मी दोन महिने थांब लिहिलं होतं, अकरा वर्षं नाही.'

कपाटाचं कुलूप काढलंय. लोभ होता तिथेच आहे.

तुझी ताई