पाडव्याचा विडा

बाबा, परवा दिवाळीच्या पाडव्याला मी एका माणसाच्या हातावर विडा ठेवला, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यापुढे मान वर होत नाही.

धामणगावच्या पेढीवर तुम्ही थोरले मुनीम होतात. तिथे नोकरी सुटली असं कोणी कोणाला तोंडाने सांगत नसे. पाडव्याचं वहीपूजन आटोपलं की शेटजी एकेका कारकुनाला नावाने बोलावून विडा देत. विडा मिळाला की वर्षभराची नोकरी पक्की. ज्याचं नाव निघालं नाही त्याने टोपी उचलून घरी जायचं. एका वर्षी एका म्हाताऱ्या कारकुनाचं नाव निघणार नव्हतं. आदल्या संध्याकाळी तुम्ही मला घेऊन त्याच्या घरी गेलात. त्याची बायको चुलीपाशी करंज्या तळते आहे, तो पाट मांडून बसा बसा म्हणतो आहे, आणि तुम्ही बसत नाही. उभ्याउभ्याच सांगता. मग कढईतली करंजी करपल्याचा वास येतो. परत येताना मी, चार पुस्तकं वाचून तापलेला, तुम्हाला म्हणालो की सांगून उपयोग काय, भाकर तर गेलीच. तुम्ही चालता चालता म्हणालात, "भाकर गेली रे. पन उद्या चारचौघात वाट पाहत बसला असता ना तो. तेवढं तरी वाचलं." ही पेढीच मोडली पाहिजे, मी म्हणालो. तुम्ही हसलात. "मोड बाप्पा. पन मोडशीन तवा सांगून मोडजो."

मी मोडायला निघालो. बाजाराच्या दिवशी बैलगाडीवर उभा राहून सावकारीवर तुटून पडलो, सहकारी बँकेचे भाग खपवले. पुढे कर्ज-तडजोडीचे कायदे आले, पेढ्या एकेक करून मिटल्या, आणि तुमच्यासारखे मोडीत लिहिणारे मुनीम ओट्यावर येऊन बसले. बँकेला मॅट्रिक झालेली पोरं हवी होती. त्या दिवसांत मी याला प्रगती म्हणत होतो, आजही म्हणतो. फक्त पेढीवरून आलेल्या दोनचार जुन्या कारकुनांबरोबर विड्याची चालही बँकेत आली. लोकांना ती आवडे, म्हणून संचालक झाल्यावर मीच विडे वाटू लागलो. आमच्याकडे माणसाला तोंडावर सांगतात, विड्यावरून ओळखायला लावत नाहीत, असं मात्र प्रत्येक सभेत गर्जून सांगत आलो.

आता कापसाचा भाव पडला आहे, दिलेली कर्जं परत येत नाहीत, आणि सगळ्या वऱ्हाडात बँका शाखा मिटवताहेत. ज्या वेगाने माणसं भरली त्याच्या दुप्पट वेगाने ती घरी जाताहेत. आमची धामणगावची शाखाही या महिनाअखेर बंद होणार. तिथला कारकून रोहिणखेडचा. त्याला मीच आणला. मशिदीजवळच्या सभेत माझं भाषण ऐकून त्याने कापडाच्या दुकानातला आपला वाटा भावाला सोडला आणि बँकेत आला. त्याला कोणी सांगायचं, हा प्रश्न निघाला तेव्हा बाकीचे संचालक हसून म्हणाले, बोलण्यात तुमचा हात कोण धरणार? मी मान डोलावली आणि गेलो नाही.

पाडव्याला बँकेच्या बुलढाण्याच्या कचेरीत सगळी नावं पुकारली. त्याचं पुकारलं नाही. समजेल, असं मनाशी म्हटलं. तो जाजमावर बसूनच राहिला. माणसं उठली तेव्हा हसत माझ्याजवळ आला. "भाऊ, माह्यं नाव राह्यलं वाटते. भाषन एवढं लांबवल्यावर मानसाले आठवन कसं?" भोवतालचे हसले. मला एक वाक्य बोलायचं होतं. माझा हात तबकाकडे गेला आणि मी त्याच्या हातावर विडा ठेवला. त्याने तो दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. "अम्मी काळजी करून राह्यली होती," तो हळूच म्हणाला. "आता छोटीचं लगीन पक्कं करून टाकतो."

बाबा, न सांगणारे शेटजी माझ्यापेक्षा बरे. त्यांनी कधी खोटा विडा दिला नाही.

काल सकाळी रोहिणखेडकडे जाणाऱ्या मोटरीच्या अड्ड्यापर्यंत गेलो. ओळखीचे भेटले, कर्जाच्या कायद्यावर बोलणं निघालं, माझा आवाज चढला, माणसं जमली. मोटर निघून गेली ती मी पाहिली. पाहिली नाही असं सांगण्याची सोय नाही. आज मोटरीचा भोंगा ऐकला तेव्हा हा कागद पुढे घेऊन बसलो होतो. तो कुठे धाडायचा नाही. तुम्हाला लिहीत बसलं की त्या कारकुनाकडे जावं लागत नाही, एवढाच या कागदाचा उपयोग. उद्या पुन्हा मोटर आहे. तो अंगणात खाट टाकील, बसा भाऊ म्हणेल, आणि मी बसायचं नाही. एवढं पाठ केलं आहे. त्यापुढचं वाक्य अजून येत नाही.