ऐकण्याचे वीस तास

६ जुलै, रविवार. सकाळी ७.
निवृत्तीनंतरचं पहिलं खरं काम! समाजकार्याच्या अर्धवेळ कोर्सचे तीन विद्यार्थी माझ्याकडे सोपवले आहेत. एक बस ड्रायव्हर, एक हॉस्पिटलमधली सिस्टर, एक टेलरबाई. आठवडाभर नोकरीधंदा, रविवारी दहा ते बारा माझ्याकडे. कोऑर्डिनेटर मॅडम म्हणाल्या, फार काही करू नका, फक्त आधार द्या. चौतीस वर्षं दुसरं काय केलं?
संकल्प : कमी बोलायचं.

त्याच दिवशी, दुपारी १.
झकास झालं. ओळखीसाठी पाच मिनिटं ठेवली होती. माझीच ओळख बाराला संपली. तिघंही भारावून गप्प होते.

१३ जुलै.
आज प्रॅक्टिकल समजावलं. ज्याचं कुणी ऐकून घेत नाही असा एक माणूस गाठायचा, वीस तास त्याचं ऐकायचं, नोंदी करायच्या. तिघांत मिळून एक माणूस चालतो. मुदत ३० सप्टेंबर. माणूस शोधून देणं माझ्याकडे. त्यात काय, अर्धं गाव ओळखतं मला.
सिस्टरचा हा तिसरा प्रयत्न. नियमाप्रमाणे शेवटचा. यंदा राहिलं तर नावच कटणार. म्हटलं, मी असताना काळजी कसली? ती हसली नाही. कामाच्या ताणाने विनोदबुद्धी कमी होते.

२० जुलै.
माणूस अजून नाही. वृद्धाश्रमाच्या मॅनेजरला फोन केला होता, जुना सहकारी. तासभर मस्त गप्पा. मुद्दा तेवढा राहून गेला.
वर्गात विषय 'ऐकण्याची कला'. सलग दोन तास बोललो. पूरग्रस्तांच्या शिबिरात मी एकट्याने चाळीस कुटुंबांना धीर दिला ती हकिगतही सांगितली. ड्रायव्हरने डोळे मिटून ऐकली. काय एकाग्रता!

२७ जुलै.
सिस्टरने आल्या आल्या विचारलं, सर, माणसाचं काय झालं? म्हटलं, पुढच्या आठवड्यात नक्की. तिघं पॅसेजमध्ये जाऊन काहीतरी कुजबुजले. परत येऊन म्हणाले, माणूस मिळाला. कोण, तर टेलरबाई म्हणाली, नाव गुप्त ठेवायचं असतं सर, तुम्हीच शिकवलंत. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.
सिस्टरने एक फॉर्म पुढे केला. नीट वाचा सर, असं दोनदा म्हणाली. शिबिराची हकिगत ऐन रंगात होती, बोलता बोलताच सही ठोकली. फॉर्म वाचत बसणारे अधिकारी मला कधीच आवडले नाहीत.

१० ऑगस्ट.
वर्गात चमत्कार. तिघंही वह्या काढून लिहून घेतात. ड्रायव्हर चक्क जागा! मग तुम्हाला काय वाटलं, असं मधूनमधून विचारतो. चौतीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. उत्साहाच्या भरात कुटुंबं सत्तर झाली.
बायकोला सांगितलं. तिने विचारलं, हा कोर्स बाराही महिने नसतो का? तिलाही समाजकार्याची ओढ लागलेली दिसते.

२४ ऑगस्ट.
सकाळी मुलीला फोन केला. मीटिंगमध्ये आहे बाबा, नंतर करते, म्हणाली. रविवारीसुद्धा मीटिंग! केवढी जबाबदारीची नोकरी. अभिमान वाटतो.
वर्गात सिस्टरने विचारलं, मुलगी कशी आहे? मजेत, म्हटलं आणि शिबिराकडे वळलो. तासाला वेळ कमी असतो.

२१ सप्टेंबर.
जिवाला घोर लागला आहे. आठवडाभर ड्यूटी, रविवारी माझ्याकडे. मग ही मंडळी त्या बिचाऱ्या माणसाचं ऐकतात कधी? विचारलं तर ताकास तूर लागू देत नाहीत. सिस्टरचं वर्ष गेलं तर दोष माझा. इथे कुणी वाचणार नाही, म्हणून कबूल करतो : एक माणूस शोधायचा होता, तेवढंही झालं नाही माझ्याकडून.
संकल्प : पुढच्या रविवारी माफी मागायची. मग दोन तास फक्त त्यांचं ऐकायचं. अवाक्षर काढायचं नाही.

२८ सप्टेंबर.
माफीच्या प्रस्तावनेतच बारा वाजले. टेलरबाईने घड्याळ पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, झाले वीस. कसले वीस, ते विचारायचं राहिलं.

५ ऑक्टोबर.
अहवाल शेऱ्यासाठी आले. वेळेत जमा झाले म्हणे! लाल पेन घेऊन बसलो.
माणसाचं नाव 'श्री. क'. काय वैताग माणूस! 'पहिल्या भेटीत चाळीस कुटुंबे, सातव्या भेटीत एकशे दहा.' समासात लिहिलं : थापाड्या आहे, तोंडावर सांगायला हवं होतं. 'कमी बोलण्याचे महत्त्व क यांनी पाऊण तास समजावले.' लिहिलं : अरेरे. तिघांच्या सहनशक्तीला पैकीच्या पैकी मार्क.
सिस्टरचं शेवटचं पान : 'मुलीचा विषय निघाला की क शिबिराकडे वळतात. आम्ही अडवले नाही. वीस तास पूर्ण झाले, तरी त्यांचे अजून बरेच सांगायचे राहिले आहे असे वाटते.'
तिथे शेरा लिहिला नाही. पेनातली शाई संपली असावी.

६ ऑक्टोबर.
शिबिरात अकरा कुटुंबं होती.

१२ ऑक्टोबर, रविवार.
तिघंही पास. सिस्टर पहिली. मॅडम फोनवर म्हणाल्या, अशी शांतपणे ऐकणारी बॅच बघितली नाही, काय जादू केलीत? म्हटलं, मी काहीच केलं नाही. पहिल्यांदाच खरं बोललो.
दहा वाजता सिस्टर आली. कोर्स संपला तरी आली. एक फॉर्म राहिला होता, श्री. क यांचा अभिप्राय. प्रश्न एकच : तुमचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं का? उत्तराला जेमतेम एक ओळ. पुरवणी जोडता येते का, असं विचारणार होतो.
नाही विचारलं. 'हो' लिहिलं. फॉर्म दोनदा वाचला आणि सही केली.