दोन चाकांची खोली

१८ फेब्रुवारी

ती. ताईस,

धाकट्याचा सा. न. वि. वि. नमस्कार नीट वाकून केला आहे, कारण पुढे मागणी आहे.

फोन न करता पत्र का, असं विचारशील. फोनवर तू माझं पहिलं वाक्य संपायच्या आत नाही म्हणतेस. पत्राला निदान शेवटपर्यंत वाचून मग नाही म्हणावं लागतं.

इकडे सगळं ठीक. माझं पुस्तकबांधणीचं दुकान चाललं आहे, खळीच्या वासाने शेजारचा शिंपी अजून कुरकुरतो. गोष्ट आहे ती आमच्या डॉक्टरीणबाईंची. खुब्याची शस्त्रक्रिया होऊन दुसरं वर्ष सरत आलं. चालते छान, जीप चालवते, भाजीवाल्याशी पूर्वीच्याच जोमाने भांडते. पण माथ्यावरच्या कुरणांत जाणं सुटलं ते सुटलंच. तिथे ना खोली ना छप्पर. राहायचं तर तंबूत, आणि जमिनीवर बसली की हिला उठवायला दोन माणसं लागतात. हिच्या जागी आलेले नवे पशुवैद्य डांबरी रस्ता संपतो तिथूनच माघारी फिरतात. मग मेंढपाळ खाली येतात, आमच्या अंगणात उभं राहून शेळ्यांची लक्षणं सांगतात, ही इथून औषध सांगते. ते गेले की बराच वेळ फाटकाशी उभी असते. म्हणते, जनावर न बघता औषध सांगणं म्हणजे डोळे मिटून सुई ओवणं.

उन्हाळ्यात कळप पुन्हा वर जातील. या खेपेला ही गेली नाही तर पुन्हा कधीच जायची नाही. तसं ती बोललेली नाही. पण परवा तिने तिची औषधांची पेटी माळ्यावर टाकायला सांगितली. मी टाकली नाही, पलंगाखाली सरकवली.

तुझ्या गावात, जुन्या लाकडाच्या वखारींमागे, एकजण गाडीमागे जोडायचे छोटे ट्रेलर बनवतो. आकार थेंबासारखा, पुढे गोल आणि मागे निमुळता. आत फक्त बिछाना, पण गुडघ्याच्या उंचीवर. दार उघडायचं, कडेवर बसायचं, पाय आत घ्यायचे. मागचं झाकण उचललं की शेगडी आणि फळ्या. इतका हलका की आपली जीप सहज ओढेल, आणि खडकाळ वाटेवर चालावा म्हणून चाकं मोठी. आपल्या घरात चाकं असलेली वस्तू थोरल्या भावंडाने तपासल्याशिवाय येत नाही, हा बाबांचा नियम. तेव्हा जाऊन बघ. बाईसाहेब म्हणतात, म्हातारपणी डब्यात झोपायची हौस तुम्हालाच. ट्रेलरचा फोटो मात्र त्यांनी चष्मा लावून पाहिला.

लोभ आहेच. या मागणीनंतरही तो टिकावा.

तुझा,
धाकटा

२ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. तुझं पत्र शेवटपर्यंत वाचलं. नाही म्हणायचं ठरवूनच वखारींमागे गेले होते, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. मालक पूर्वी होड्या बांधायचा. बडबड्या आहे, स्वतःवर खूश आहे आणि बाई दिसली की मावशी म्हणतो. मला भाचे पुरेसे आहेत, असं सांगितल्यावर मॅडमवर आला. ट्रेलर तीन महिन्यांत जुना होऊन गळायला लागेल, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलं. तो म्हणाला, होडीत पाणी बाहेर ठेवायचं असतं, यातही तेच, फक्त ते वरून येतं. उत्तर मला आवडलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

मी आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, सुंदर वस्तू मला ओळखता येते. ही सुंदर आहे. आत लाकडाच्या पातळ, वाकवलेल्या फासळ्या, वर अॅल्युमिनियमची कातडी. एक खिळा उगाच नाही. दोन्ही चाकं आपापल्या स्वतंत्र दांड्यावर, म्हणजे एक खड्ड्यात गेलं तरी दुसरं सरळ राहतं. मी खाली वाकून सगळं पाहिलं. कुठलीही तार लोंबत नाही, कुठलीही नळी दगडाला लागेल अशी नाही. मग तो ट्रेलर गाडीपासून सोडवायला लावला आणि मी एकटीने अंगणातून ढकलत नेला. शेडमधले कामगार काम सोडून बघत होते. त्यांना मी कामाला लागा म्हटलं, आणि ते लागले.

शेवटी आत जाऊन झोपले आणि वरून पाण्याचा पाइप सोडायला सांगितला. पाणी ताशासारखं वाजत होतं, मी कोरडी. फक्त छताच्या झरोक्यातून एक थेंब माझ्या मानेवर पडला. होडीवाल्याचा चेहरा पडला. लगेच वर चढून त्याने रबराची पट्टी बदलली. पुन्हा पाणी सोडलं. या वेळी काहीच पडलं नाही, आणि पुढचं मला आठवत नाही, कारण मी झोपले. जाग आली तेव्हा शेडमध्ये सगळे दबक्या आवाजात बोलत जेवत होते. दुपारी झोपायची मला सवय नाही, तुला माहीत आहे. बिछान्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

घे. दोन बदल मी सांगून आले आहे. दाराच्या आत उजव्या हाताला पकडायला भक्कम कडी, आणि पायरी रुंद. कुठला खुबा, हे मला ठाऊक आहे. आणि बायकोवर उपकार करतो आहेस अशा थाटात भेट देऊ नकोस. पशुवैद्याला वाहन लागतं, तसं हे वाहन आहे.

खोकल्याचं औषध वेळेवर घे. आशीर्वाद नेहमीचेच, आज मूठभर जास्त.

तुझी,
ताई

९ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. घाईत लिहितो आहे, अक्षराला हसू नकोस.

ट्रेलर आला. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याभोवती आजारी बैलाभोवती घालतात तशी फेरी घातली, कुशीवर थाप मारली, चाकं दाबून पाहिली आणि श्वास ठीक आहे असा निकाल दिला. तुझी कडी धरून आत बसल्या, पाय आत घेतले, मग ते बाहेर सोडून उभ्या राहिल्या, आणि पुन्हा आत बसल्या. मी विचारलं, काय झालं. तर म्हणाल्या, काही नाही, उठायला कुणी लागलं नाही. संध्याकाळी औषधांची पेटी कुठे आहे ते त्यांनी मला विचारलं. ताई, मी त्या दिवशी फार खूश होतो.

काल घाटाखालच्या रस्त्यावर पहिली चाचणी. सामान मी भरलं. आयुष्यभर पुस्तकांची खोकी भरत आलो आहे, जड ते सगळ्यात मागे भिंतीला टेकवून, हलकं पुढे हाताशी. त्याच शिस्तीने पाण्याचे कॅन, औषधांची पेटी, बर्फाची पेटी, जनावरं बांधायच्या साखळ्या, सगळं मागच्या झाकणाआडच्या कप्प्यात गच्च बसवलं. बोट जायला जागा ठेवली नाही. पुढचा भाग तिच्या पायांसाठी मोकळा.

सपाटीवर छान चाललं. उतार लागला, आणि ट्रेलर मागे शेपूट हलवायला लागला. आधी थोडं, मग इतकं की जीपच डावी-उजवी होऊ लागली. गाडी मी चालवत होतो. ती ओरडली ब्रेक दाबू नका, मी दाबला. कठड्यापाशी थांबलो तेव्हा तिच्या बाजूला दरी होती, आणि काचेतून खाली मला फक्त झाडांचे शेंडे दिसत होते. कुणाला काही लागलं नाही.

मी ठरवलं आहे. ट्रेलर परत देतो. होडीवाला घेईल का, तू बोलून बघ. मेंढपाळ याआधीही जगलेच ना? तिला काही झालं असतं तर मी काय केलं असतं? हे तिला सांगितल्यापासून ती माझ्याशी बोललेली नाही. पेटी मात्र पुन्हा पलंगाखाली गेली आहे, आणि या वेळी ती मी सरकवलेली नाही.

रागावू नकोस. रागावलीस तरी भाऊ म्हणून ठेवून घे.

धाकटा

१४ एप्रिल

चि. धाकट्यास,

अ. उ. आ., आणि त्यापाठोपाठ कानउघाडणी. दोन्ही एकाच पाकिटात पाठवते.

होडीवाल्याशी मी बोलणार नाही. दोष त्याच्या ट्रेलरचा नाही, तुझ्या शिस्तीचा आहे. खोकं जमिनीवर बसतं, ट्रेलर दोन चाकांवर तोललेला असतो, लहान मुलांच्या फळीच्या झोक्यासारखा. तू सगळं ओझं शेपटीला टांगलंस. शेपूट खाली, म्हणजे नाक वर. नाकाने गाडीवर थोडं तरी दडपण ठेवायला हवं, नाहीतर उतारावर मागचा भाग स्वतःच्या मर्जीने चालतो. पाणी आणि पेट्या चाकांच्या किंचित पुढे ठेव. मागे शेगडी, चहाची भांडी, बस्स. मग जोडणीचा दांडा हाताने उचलून बघ. सहज उचलला गेला तर पुन्हा भर. चूक मोठी होती, पण इतकी सुबक चूक फक्त बाइंडरच करू शकतो.

आता दुसरं. तू मेंढपाळ जगलेच ना असं लिहिलंस. ते वाक्य मी तुझं मानत नाही. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तुझी बायको ताटावरून उठून अडलेल्या म्हशीसाठी गेली आणि कोपरापर्यंत बरबटून परत आली. आपली आई तेव्हा नाक मुरडत होती. मी मनात म्हटलं, या घरात पहिल्यांदा कुणीतरी कामाचं आलं. हे मी तिला कधी सांगितलं नाही, कारण मी कुणालाच काही सांगत नाही. तू भाग्यवान आहेस, हे मात्र तुला सांगते.

तुला भीती वाटते. वाटू दे, ती खरी आहे. पण ट्रेलरला पुढे करून तिला घरी बसवू नकोस. भीती वाटते, असं तिलाच स्वच्छ शब्दांत सांग. मग ती ठरवेल. खुबा तिचा, दरी तिची आणि शेळ्याही तिच्याच.

हे पत्र वाचून लगेच दुकान बंद कर आणि घरी जा.

तुझी,
ताई

३ मे
कुरणावरून

ती. ताईंना,

सा. न. वि. वि. यातल्या साष्टांगाला खुब्याच्या डॉक्टरने बंदी घातली आहे, तेव्हा उभ्यानेच नमस्कार घ्या. हे पत्र खाली जाणाऱ्या एका मेंढपाळाबरोबर देते आहे. पोचलं तर त्याची मेहेरबानी.

तुमचं पत्र पोचायच्या आदल्याच दिवशी मी ट्रेलर रिकामा केला होता. मला तुमचं विज्ञान येत नाही, पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जाडा बोकड मागच्या फळीशी बांधला की ट्रॉली कशी वागते, ते मी अनेकदा पाहिलं आहे. बोकड पुढे बांधायचा असतो. तुमचे भाऊ दुकानात असताना मी बोकड पुढे बांधला. मग त्यांना बोलावलं, त्याच उताराच्या पायथ्याशी उभं केलं, आणि वरून एकटी गाडी घेऊन उतरले. आधी हळू, मग फिरून जाऊन जरा जोरात, मग तिसऱ्यांदा नुसतीच हौस म्हणून. ट्रेलर मागे शहाण्या वासरासारखा आला. हे डोळे मिटून उभे होते. ते स्वतः मान्य करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र आलं. दुकान बंद करून घरी आले आणि दारातच, चपला न काढता, म्हणाले की भीती वाटते. शिवाय म्हणाले की ही दोन वर्षं मी घरी होते ते त्यांना फार आवडलं. मी म्हटलं, मलाही आवडलं, पण पाहुण्याला आवडतं तसं. पाहुण्याने कधीतरी आपल्या घरी जायचं असतं. त्यावर ते आत गेले. पलंगाखालून पेटी ओढली, फडक्याने पुसली आणि नेऊन चाकांच्या किंचित पुढे ठेवली.

ताई, वाट पूर्वीसारखीच वाईट आहे. ओढ्यातले गोटे जीपला पेलले आणि ट्रेलरला तर कळलेही नाहीत. माथ्यावर पोचलो तेव्हा मला वाटलं होतं, लोक आनंदाने धावत येतील. कळपाची म्हातारी मालकीण आली, कमरेवर हात ठेवून तिने मला मनसोक्त झापलं, की दोन वर्षं कुठे मेली होतीस. मग ट्रेलर बघायला लागली. दार उघडलं, गादी दाबली, कडी ओढून पाहिली. कडी कुणी बसवली विचारलं, मी म्हटलं नणंदेने. ती म्हणाली, नणंदा अशा नसतात. मी म्हटलं, ही आहे.

सकाळी उठले, कडी धरली, पाय खाली सोडले आणि उभी राहिले. एवढंच. तुम्ही शिस्तीच्या आहात म्हणून याहून जास्त रडण्याबिडण्याचं लिहीत नाही. उठले तेव्हा समोर गवताला दहिवर होतं आणि खूर सडलेली करडं, खोकणाऱ्या मेंढ्या, पोट फुगलेला एक बोकड, सगळे दारात उभे होते. पुढच्या वर्षी पुन्हा येणार आहे, आणि त्याच्या पुढच्याही.

आपण माझ्याबद्दल जे मनात म्हटलं होतं, ते पत्रातून मला वाचून दाखवण्यात आलं. तुमचं गुपित फोडल्याबद्दल भावाला हवं तर रागवा. मला मात्र ते आधी कळलं असतं तर मी तुम्हाला इतकी वर्षं घाबरले नसते. आता घाबरायचं सोडते, मान ठेवते.

रांग मोठी आहे, थांबते. पहिली शेळी तुमच्या भावाने धरली आहे. शिंगांकडून धरायची, त्यांनी शेपटीकडून धरली आहे. शेळी समजूतदार आहे म्हणून बरं.

लोभ आहे तेवढाच राहू द्या. इतका चढ चढायला तो पुरला.

आपली,
डॉक्टरीण