बिनगव्हाचा गुरुवार

चि. चेल्सो यास,

तुझ्या डोंगरावरचे लोक तुला वाकून 'फादर' म्हणतात, म्हणून मीही पत्राच्या डोक्यावर तसे लिहीन अशी आशा धरू नकोस. तुझा शेंबूड मी पुसलेला आहे. गुडघे कसे आहेत? चर्चच्या पायऱ्या कमी करता येत नसतील तर निदान वाईन कमी कर (प्रार्थनेतली मी धरत नाही, जेवणातली धरते). तुझी ती स्वयंपाकीणबाई अजून तुला पातळ सूप आणि धाक यांवरच ठेवते का? माझी तब्येत शहात्तराव्या वर्षी असावी तशी आहे. रक्तदाब वर जातो तो सरकारच्या बातम्या ऐकल्यावर, आणि त्यावर डॉक्टरांकडे गोळी नाही.

इकडे भातखाचरांत पाणी सोडून झाले. दर वर्षी या दिवसांत आपले गाव कसे दिसते ते तुला ठाऊक आहे : घरे पाण्यावर ठेवल्यासारखी, आणि खाली पाहावे तर आभाळ. पण यंदाचे धुके उठायलाच तयार नाही. भर दुपारी दिवे लावावे लागतात. दोन खाचरांपलीकडे कोणी खोकले तर आपल्या खांद्याशी खोकल्यासारखे वाटते, आणि वळून पाहिले तर कोणी नसते. मी वळून पाहत नाही. पन्नास वर्षे मी या गावाच्या चौकात उभी राहून लोकांना सांगत आले की भीती ही मालकाच्या हातातली चाबकाची दोरी आहे, मग तो मालक जमिनीचा असो, गिरणीचा असो की (राग मानू नकोस) आभाळातला. त्याच बाईने स्वतःच्या स्वयंपाकघरात मागे वळून पाहावे हे शोभत नाही.

तर बातमी अशी की मी कुत्र्याचे पिल्लू पाळले आहे. हसून झाले की पुढे वाच.

हे समजायला आमचा गुरुवार समजला पाहिजे. सत्तरी ओलांडल्यावर मला डॉक्टरांनी गहू बंद केला हे तुला माहीत आहे. पण आपल्या देशात पाव आणि पास्ता न खाणाऱ्या माणसाचे काय होते, हे तुला माहीत नाही. त्याला कोणी जेवायला बोलवत नाही. दुष्टपणाने नव्हे, भीतीने. आपल्या पळीने हिचा जीव गेला तर? माणसाला वाळीत टाकायला ठराव करावा लागत नाही, चेल्सो, मूठभर पीठ पुरते. म्हणून आम्ही चौघे गव्हाचे बहिष्कृत माझ्या घरी दर गुरुवारी दुपारी जेवू लागलो. वांदा, जिने गावातल्या सगळ्या बायकांचे केस कापले आणि सगळ्यांची गुपिते ऐकली. सेवेरिनो, जो कालव्याची दारे उघडझाप करायचा आणि अजूनही झोपेत पाणी मोजतो. मी, जिच्याकडे मोठे टेबल आहे. आणि इनेस, जिच्याकडे चवीचा हात होता. तांदळाच्या पिठात तळलेले बेडूक, चेस्टनटच्या पिठाचा केक, राजमा घालून शिजवलेला भात. तिच्या हातचे खाल्ले की गहू न खाणे ही शिक्षा नसून मानाची गोष्ट आहे असे वाटायचे. लाल मुठीचा एक लाकडी चमचा तिने माझ्या घरी आणून ठेवला होता. त्याला ती गव्हाचा वारासुद्धा लागू देत नसे. चूल माझी आणि हुकूम तिचा. मी रक्तदाबामुळे अळणी खाते, त्यावरून दर गुरुवारी भांडण ठरलेले. ती म्हणायची, "निनीन, मीठ नाही तर काही नाही." निनीन म्हणजे छकुली. तिला सगळेच छकुले होते, सेवेरिनोसकट.

जानेवारीत इनेस झोपेतच गेली. बुधवारी. तिच्या ओट्यावर गुरुवारसाठी राजमा भिजत पडला होता. अंत्यविधीनंतर सेवेरिनोने तो पातेल्यासकट माझ्याकडे आणला, आणि आम्ही तिघांनी तो शिजवला, कारण दुसरे काय करायचे ते कोणालाच सुचेना. तेव्हापासून आम्ही तिघे जेवतो. चौथी खुर्ची तिथेच आहे. ती हलवायचे कोणी काढले नाही.

मार्चअखेरीला एका दुपारी धुक्यातून बातिस्ता आला (कालव्यापलीकडे कुत्री पाळतो तो, अजून जिवंत आहे). कोटाच्या आतून त्याने एक तपकिरी, कुरळे, एक कान दुमडलेले पिल्लू काढले आणि माझ्या हातात दिले. म्हणाला, इनेसने सांगितले होते, एक एर्सिलियाकडे पोचव. मी विचारले, कधी सांगितले होते? तो म्हणाला, मागच्याच आठवड्यात, पुलावर भेटली तेव्हा. मी त्याला शांतपणे सांगितले की इनेस जानेवारीत वारली. बातिस्ताने टोपी काढली, जरा विचार केला आणि म्हणाला, "तरीच तिला एवढी थंडी वाजत होती." आणि गेला.

आता बातिस्ता नव्वदीला टेकला आहे. मला तो तुझ्यामाझ्या आईच्या नावाने हाक मारतो आणि गेल्या युद्धातला माल कधी येणार ते विचारतो. म्हणजे प्रश्न मिटला. मी दार लावले आणि पिल्लाला खाली ठेवले. नवीन घरात आणलेले पिल्लू चुलीच्या उबेला जाते, निदान पलंगाखाली तरी. हे सरळ चालत गेले आणि चौथ्या खुर्चीखाली बसले.

नाव मी ठेवले स्पार्ताको. गुलामांच्या बंडाचा नायक. हा गुलाम दोन दिवसांत मालक झाला. माझ्या सपाता खाल्ल्या. शेतीच्या इतिहासाचा तिसरा खंड खाल्ला (पहिले दोन मलाही पचले नव्हते). एक मेच्या कामगार दिनासाठी धुऊन वाळत घातलेल्या लाल झेंड्यावर मुतला, तेव्हा वांदा म्हणाली की पोरगा उजव्या पक्षाचा दिसतो. मी पहाटे उठून त्याला बाहेर नेते, तो पाण्याच्या कडेला बसून पलीकडे बघतो, काही करत नाही, आणि घरात येऊन सगळे करतो. स्पार्ताको म्हटले की ढिम्म हलत नाही. मी व्यासपीठावरच्या आवाजात हाक मारली, ज्या आवाजाने एके काळी गिरणीचे दार उघडले होते. काही नाही. मग एका गुरुवारी सेवेरिनो ताट उचलताना सहज बोलून गेला, सरक निनीन. पिल्लू उठून उभे राहिले आणि शेपूट हलवू लागले. सेवेरिनोचे ताट हातातच राहिले. मी म्हटले, शब्दाचा आवाज गोड आहे, पिल्लांना न-न आवडतो. कोणी वाद घातला नाही. वाद न घालणारे लोक मला आवडत नाहीत.

आणि मीठ. मी भात अळणी शिजवते, हे लिहून झाले. गेला महिनाभर दर गुरुवारी तो बेताचा खारट लागतो. चांगला लागतो, हीच अडचण आहे. मला सेवेरिनोचा संशय आला. त्याला एकट्याला गाठून विचारले, तर तो म्हणाला, मला वाटले तूच सुधारलीस.

याच सुमारास आम्ही आजारी पडू लागलो. एका गुरुवारनंतर मी, पुढच्याला सेवेरिनो, मग आम्ही तिघेही. पोटात तोच जुना सुरा फिरतो तसा. गव्हाचा कणही घरात नसताना. आम्ही तांदळाच्या पिठाची पाकिटे वाचली, भांडी उकळली, चाळणी फेकली. मग माणसे एकमेकांकडे बघू लागली. वांदाने स्वतःचा चमचा पिशवीतून आणायला सुरुवात केली. सेवेरिनो वास घेतल्याशिवाय घास उचलेना. एकाच ताटातले विश्वासाने खाणारी माणसे कशी फुटतात हे मी संपांमध्ये पाहिले आहे. त्याला फितूर लागतोच असे नाही, फितुराची शंका पुरते. आणि वांदा हळूच म्हणाली की इनेसला आपण तिच्याशिवाय जेवलेले आवडत नसेल.

तिथे माझे रक्त उसळले. मेलेल्या मैत्रिणीवर विषप्रयोगाचा आळ! मी तीन दिवस घराची झडती घेतली, आणि चौथ्या दिवशी पिल्लाच्या खाण्याची पिशवी उलटी करून चष्मा लावून वाचली. गहू. पहिलाच शब्द गहू. हा गुलाम तोंडभर गहू खायचा आणि मग आमचे हात, गाल, चमचे प्रेमाने चाटायचा. पिशवी मी बाहेर फेकली, त्याला भात आणि कोंबडी शिजवून घालू लागले, आणि आठवड्यात सगळ्यांची पोटे ठिकाणावर आली. आता आमच्या घरात कुत्रासुद्धा बिनगव्हाचा आहे.

पुढच्या गुरुवारी मी विजयाचे भाषण केले. उभे राहून केले, पाण्याचा ग्लास हातात घेऊन. म्हटले, मित्रांनो, बघा, जिथे भूत दिसत होते तिथे पिशवीवरचा एक शब्द निघाला. प्रत्येक भुताच्या मागे एक न वाचलेली पिशवी असते. सांगते तुला, चेल्सो, चांगले चालले होते. चौकात याला टाळ्या पडल्या असत्या. पण दोघांपैकी कोणी माझ्याकडे बघत नव्हते. पिल्लू चौथ्या खुर्चीसमोर बसले होते, मान वर, डोळे अर्धे मिटलेले. आणि त्याच्या डोक्यावरचे कुरळे केस सपाट होत होते. कपाळापासून मानेकडे. मग परत उभे राहत होते, आणि पुन्हा कपाळापासून सपाट होत होते. सावकाश, जसे कोणी दुसरेच काही बोलता बोलता हात फिरवते. खिडक्या बंद होत्या. मी विचारायच्या आधीच सेवेरिनोने उठून तपासल्या.

वांदाने तोंड पुसले, कोट घातला आणि दारात उभी राहून म्हणाली, "एर्सिलिया, तू चौकात बोलतेस तेव्हा मी टाळ्या वाजवते. पण इथे मी जेवायला येते." मी म्हटले, वारा असेल. ती म्हणाली, "मग वाऱ्याला घेऊन जेव. पाद्री बोलवून घर शुद्ध करून घे, मी येते. नाहीतर नाही."

पाद्री. माझ्या घरात. ज्या बाईने गावच्या पाद्र्याला भर सभेत जमीनदाराची छत्री म्हटले, तिने आता त्याच्या दारात जाऊन 'जरा पाणी शिंपडता का' म्हणायचे? विद्यापीठ न पाहिलेल्या मुलीने दिव्याखाली जे वाचले, चौकांत जे सांगितले, ते सगळे वांदाच्या जेवणासाठी पुसून टाकायचे? मी तिला निरोप पाठवला की बुद्धी गहाण टाकून मिळालेली सोबत मला नको.

तिने उलट निरोप पाठवला नाही. परवाच्या गुरुवारी एकटा सेवेरिनो आला. दोघांचे जेवण हे जेवण नसते, ते दवाखान्यातल्या भेटीसारखे असते. तो माझ्याकडे न बघता जेवला, मध्येच कालव्याचे दार बघायचे आहे म्हणाला (ते दार आता यंत्राने उघडते) आणि गेला. म्हणजे पुढच्या गुरुवारी तोही येणार नाही. मी भाताचे पातेले पुढे घेऊन बसले. बाहेर इतके पांढरे होते की अंगण कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते ते कळत नव्हते. पिल्लू आपल्या जागी, मान वर करून. मी घास घेतला. मीठ बरोबर होते.

असो. तुला त्रास देण्यासारखे यात काही नाही, बहिणीने भावाला चार ओळी खुशाली कळवावी म्हणून लिहिले. माझा काडीचाही विश्वास नाही हे तुला ठाऊक आहेच. गुडघ्यांना जप.

तुझी मोठी बहीण,
एर्सिलिया

ता. क. येत्या गुरुवारी तुला वेळ आहे का? दुपारच्या गाडीने ये. साध्या कपड्यांत ये, तो काळा झगा घालू नकोस. कोणी विचारले तर बेडूक खायला आलो म्हणून सांग. तुझे जे काय सामान लागते ते भाजीच्या पिशवीत आण. वांदा आणि सेवेरिनोला मी परस्पर कळवते.

ता. क. तुमची ती प्रसादाची पवित्र चकती मात्र आणू नकोस, ती गव्हाची असते. देवाचे शरीर असेलही, पण माझ्या आतड्यांची श्रद्धा नाही.

ता. क. प्रार्थना वांदाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हण. पण फार मनापासून म्हणू नकोस, चेल्सो. तुम्हा लोकांकडे एखादे ढिले, घाईतले म्हणणे असेलच, ओळीने चार लग्ने असली की म्हणता तसे. ते म्हण. वांदा परत यावी एवढेच मला हवे आहे. इनेसने उठून जावे असे मी कुठेही लिहिलेले नाही.