तुझ्या श्राद्धाला दिलेली उलू

प्रिय मासी,

काल तुझ्या श्राद्धाला तुझ्याच अंगणात बसून गावातल्या म्हाताऱ्यांनी तुझ्या नावाने बोलायला सुरुवात केली. "मासीच्या आत्म्याले शांती पाहिजे असन, तर शेफालीले तिच्या नवऱ्याच्या घरी पोचवून द्या," असं गावसमितीच्या अध्यक्षांनी खुर्चीत बसून जाहीर केलं. तू हयात असतीस तर यांच्यातल्या एकाची तरी हिंमत झाली असती का? माझा कालपासून नुसता जळफळाट चाललाय. मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालायचं आणि वर पिंडाला हात जोडायचे! म्हणून तुलाच लिहायला बसले.

मुलचेऱ्याजवळच्या तुमच्या या बंगाली गावात मी पहिल्यांदा कशाला आले होते, आठवतं? निर्वासित म्हणून वसवलेल्या या गावांमध्ये घरात मार खाणाऱ्या बायकांना मदत कुठे मिळते, आणि मुळात मिळते का, हे मला एका अहवालासाठी शोधायचं होतं. मी तुझ्या गल्लीत शिरले आणि भर दुपारी पाच-सहा बायकांनी दारात उभं राहून जिभा हलवत उलूचा आवाज काढला. मी गोंडपिपरीची, बौद्ध घरातली. बंगाल्यांकडे लग्नात, पूजेत बायका उलू देतात, एवढंच मला ठाऊक. मी आपली हसत हसत विचारते, "कोणाचं लग्न आहे?"

तू माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "लगन नाई वो बाई, मार चालू आहे. त्याले समजू दे, आम्ही समदं ऐकून राह्यलो."

आणि त्या घरातला आवाज खरंच थांबला. थोड्या वेळाने नवरा खाली मान घालून सायकल काढून निघून गेला. शुभकार्याची उलू अशा कामाला वापरते म्हणून समितीने तुला किती बोल लावले! "पाप मले लागू द्या ना, तुमाले काऊन तरास?" असं म्हणून तू सुपारी कातरत बसायचीस.

मग शेफाली आली. मलकानगिरीच्या बंगाली वस्तीतून लग्न होऊन इथे आलेली, माहेर पार ओडिशात, मराठीचा गंध नाही. ती पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेली तेव्हा तिचं बोलणं मराठीत सांगायला कोण उभा राहिला? नवऱ्याचा सख्खा मोठा भाऊ! ती बिचारी रडत रडत सगळं सांगायची, आणि हा शांतपणे सांगायचा, बोरिंगवर पाय घसरला. मी बाजूला बसून सगळं टिपत होते. मला बंगाली कुठे कळत होती? तू दारातूनच ओरडलीस, "खोटं बोलून राह्यला हा, साहेब! पोरगी म्हणते, मारलं. लाकडानं मारलं." त्या दिवशी तक्रार लिहिली गेली ती तुझ्यामुळे.

पण मासी, आज राग आलाच आहे तर तुझ्यावरचाही काढते. एवढं करून तूच तिला परत पाठवलंस! नवरा आला, तुझ्या पाया पडला, डोळे पुसले, आणि तू तिचं गाठोडं बांधून दिलंस. सगळ्या बायकांच्या बाबतीत तुझं हेच. दोन दिवस ठेवायचं, नवऱ्याला झापायचं, पाया पडायला लावायचं आणि पाठवायचं. आपलं त्यावरून केवढं वाजलं होतं! मी म्हणाले, पाया पडणं म्हणजे काय शिक्षा आहे का? तू माझ्याच अंगावर आलीस. "नाई पाठवू तर ठेवू कुठी? माझ्या एका खोलीत? तुझ्या रिपोर्टात?" तरी तुझं मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही.

पुढच्या वेळी शेफाली आली ती हात मोडून घेऊन. तू स्वतः खाटेला खिळलेली. तिचा तो सुजलेला हात छातीशी धरून तू रडलीस. मी तुला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. मग मला जवळ बोलावलंस. "सुजाता, हिले आता पाठवू नको. कोणी बी आलं, कितीबी पाया पडलं, तरी नाई." तू असं बोललीस तेव्हा खोलीत तुझ्याजवळ फक्त मी आणि शेफाली होतो. म्हणूनच तर काल त्यांचं फावलं!

काल मी उभी राहिले आणि हे सगळ्यांसमोर सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही बाहेरच्या. तुमचा धर्म वेगळा, भाषा वेगळी. मासीनं आजवर हरेक पोरीले घरी पाठवलं, गावाले ठाऊक आहे." लोक माना डोलवायला लागले. शेफाली ओसरीवर बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तेवढ्यात तुझी शेजारीण कानन उठली. तीच कानन, जी नवऱ्यासमोर कधी पाणीसुद्धा मागत नाही! तिने तोंडावर पदर घेतला आणि उलू दिली. श्राद्धाच्या दिवशी! भटजींच्या हातातली पळी तशीच राहिली. मग दुसरी उठली, मग स्वयंपाकातल्या सगळ्या आल्या. अध्यक्ष "अपशकुन, अपशकुन" करत होते, त्यांचं कोणालाही ऐकू जात नव्हतं. मासी, मला इतका आनंद झाला की मी भर श्राद्धात हसले. माफ कर, नाहीतर नको करू!

जेवणं झाल्यावर तुझ्या दिराने घराला कुलूप लावलं. आम्ही तुझ्या घराच्या भरवशावर होतो, ते गेलं. शेफालीला मी मुलचेऱ्याला माझ्या भाड्याच्या खोलीवर घेऊन आले. नागपूरहून, मला हे काम देणाऱ्या सरांचा फोन आला. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. "तुमचं काम बघण्याचं आहे, बायका घरात ठेवण्याचं नाही. आणि अहवालात ते उलू वगैरे नको, ती काही सेवा नव्हे." मी म्हटलं, सर, त्या गावात वेळेवर पोचणारी दुसरी सेवा मला सापडली नाही, सापडली की तीही लिहीन. त्यांनी फोन ठेवला. काम जाईल बहुतेक. जाऊ दे.

आज सकाळी तो आला. शेफालीचा नवरा, बरोबर भाऊ आणि समितीचे दोघं. मी कडी काढायला उठले तर शेफालीने मला हाताने मागे सारलं आणि स्वतः दार उघडलं. तो लगेच वाकला. तिने पाय मागे घेतले. भाऊ बंगालीत समजावायला लागला, तर ही त्याला मराठीत म्हणाली, "माह्या बदल्यात तू नको बोलू." कधी शिकली कोण जाणे! मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "मी नाई येत. कोर्टात ये."

आणि दार लावून घेतलं.

तर मासी, माझा शब्द ऐक. कोर्टाच्या दर तारखेला मी तिच्या शेजारी असेन, नोकरी असो नसो. अहवालात तुझी उलू राहील आणि तू बायकांना परत पाठवायचीस हेही राहील. तू विचारलं होतंस ना, ठेवू कुठी? सध्या माझ्याकडे. जागा पुरली नाही तर तालुक्याच्या कचेरीत दुसरी मागेन, मिळेपर्यंत मागेन. आणि यापुढे तुझ्या नावाने कोणी बायकांना घरी धाडायला लागलं, तर त्याची गाठ माझ्याशी आहे.

तुझ्याशी भांडणारी,
सुजाता