‘मिस’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात

एरंडोल, ४ मार्च २०२४

चि. मोनालीस मंदामावशीचे अ. उ. आ.

फोन मी बंद करून कपाटात ठेवला आहे, म्हणून पत्र. रागावू नकोस.

हितेंद्रला जाऊन परवा दोन महिने होतील. त्याच्या बायकोचं, मारिसोलचं पत्र आलं आहे इक्वेडोरहून. वर स्पॅनिश, खाली मशीनने केलेलं इंग्रजी. मगन गुरुजींनी वाचून सांगितलं. अपघाताच्या दिवशी सकाळी, केळीच्या मळ्यावर निघण्याआधी, आईला फोन करतो असं तो तिला म्हणाला होता. तर तुमचं बोलणं झालं का, आणि तो काय म्हणाला, एवढंच तिने विचारलं आहे.

मी सांगितलं तसं गुरुजींनी इंग्रजीत उत्तर लिहून दिलं. तिच्या पत्रासकट ते सोबत आहे. त्याचं स्पॅनिश तू कर. लॉकडाउनमध्ये, चाळिशीला टेकल्यावर, तू ती भाषा शिकायला बसलीस तेव्हा मीच हसले होते की धुळ्यात कोणाशी बोलणार आहेस. आता हसत नाही.

घरच्यांना आशीर्वाद. पत्राला उशीर करू नकोस.

तुझी मंदामावशी

*

धुळे, ९ मार्च २०२४

ती. मावशीस मोनालीचा सा. न. वि. वि.

गुरुजींच्या आठ ओळींपैकी सात झाल्या. एकीवर अडले आहे. ‘आय मिस्ड हितेंद्र दॅट डे,’ असं त्यांनी लिहिलं आहे. आता इंग्रजीत ‘मिस’ म्हणजे एखाद्याची आठवण येऊन जीव कासावीस होणं, आणि ‘मिस’ म्हणजे हुकणंही. माझ्या कॉलेजच्या मुली मलाही ‘मिस’ म्हणतात, ते तरी यात नाही एवढं नक्की.

स्पॅनिशमध्ये एका शब्दात हे भागत नाही. आठवण आली असेल तर ‘एक्स्त्रान्यार’, फोन हुकला असेल तर वेगळं. तुला यातलं काय म्हणायचं होतं? जेवत जा वेळेवर. माझ्यावर लक्ष असू दे.

तुझी मोनाली

*

एरंडोल, १४ मार्च २०२४

चि. मोनालीस अ. उ. आ.

तुझं पत्र गुरुजींना दाखवलं. फार लागलं त्यांना. म्हणाले, चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, ‘मिस’मध्ये बठ्ठं येतं, दोन्ही अर्थ, धुळ्याच्या प्राध्यापकबाईंना कळत नसेल तर माझ्या वर्गात येऊन बसावं. तू मनावर घेऊ नकोस.

शेजारचा लोटन धुळ्याला येतो आहे, त्याच्याबरोबर बिबडे पाठवते. यंदा ज्वारी चांगली निघाली, तळल्यावर छान फुलतात. उन्हाने मात्र आत्ताच अंग भाजतं.

आठवण आली असंच लिही. आईला मुलाची आठवण येते, त्यात विचारायचं काय?

सगळ्यांवर माझा जीव आहे, हे त्यांना सांग.

मंदामावशी

*

धुळे, २० मार्च २०२४

ती. मावशीस सा. न. वि. वि.

बिबडे पोचले. अर्धे संपलेसुद्धा.

तू म्हणालीस तसं लिहिलं. मग मारिसोलचं पत्र शेजारी ठेवून वाचलं. ती विचारते, बोलणं झालं का? आणि आपण सांगतो, मला त्याची फार आठवण आली. मावशी, हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नाही. ती पुन्हा विचारेल. किंवा विचारणार नाही, ते जास्त वाईट.

म्हणून मी फोनचं लिहायला घेतलं, तर तिथेही दोन वाटा. ‘नो अल्कान्से आ कोन्तेस्तार’ म्हणजे हात पोचेपर्यंत वाजायचा थांबला. ‘नो कोन्तेस्ते’ म्हणजे उचलला नाही. आपल्याकडे मिस कॉल म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. त्या भाषेत मला तसं थांबता येत नाही.

मी तुला दरडावत नाही गं. पण यातलं एक लिहावं लागेल.

तुझ्या मायेतली, मोनाली

*

एरंडोल, २६ मार्च २०२४

चि. मोनालीस आशीर्वाद.

फोन माझ्या हातात होता. दुपारचे साडेचार वाजले होते. ओट्यावर बसून डाळीतले खडे वेचत होते. त्याचं नाव आलं, वर फोटो आला, तो लग्नातला, दोघांचा. मला न विचारता केलेलं लग्न. चार वर्षं मी त्याच्याशी तोडून बोलले, तुला माहीत आहे. वाजून वाजून थांबेपर्यंत बघत राहिले. वाटलं, करेल उद्या परत.

हे गुरुजींना कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यांना म्हटलं, हितेंद्रचं त्या दिवशी मिस झालं. त्यांनी त्याचं चांगलं इंग्रजी केलं, त्यांची काही चूक नाही.

पहिलं लिहिलंस तर त्या पोरीला बरं वाटेल. दुसरं लिहिलंस तर मी कोण ते तिला कळेल. मला काही ठरवता येत नाही. तू शिकलेली आहेस, तू बघ.

मावशी

*

धुळे, २ एप्रिल २०२४

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कॉलेजात रजा टाकली. चार दिवस दोन्ही वाक्यं समोर घेऊन बसले होते. शिकले म्हणून सुटेल असं हे नाही. तुझ्या वतीने खोटं लिहायला माझा हात होत नाही, आणि तुझ्या वतीने खरं लिहायचा मला हक्क नाही.

म्हणून त्या ओळीची जागा कोरी ठेवून पत्रच तुला पाठवते आहे. वेगळ्या कागदावर दोन्ही वाक्यं मोठ्या अक्षरांत काढली आहेत, खाली मराठीत अर्थ. ती अक्षरं तुला येत नाहीत, पण बघून काढता येतील. हवं ते एक उतरव. काहीही उतरवलंस तरी मी तुझीच आहे.

मोनाली

*

एरंडोल, ११ एप्रिल २०२४

चि. मोनालीस अ. उ. आ.

दोन शब्दांचं होतं ते उतरवलं. ‘नो’ झटक्यात झालं. पुढच्या शब्दाला दुपार गेली. शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर एक तिरकी रेघ आहे, ती राहिली होती, मग दिली. गुरुजींना दाखवलं नाही. तू पाकिटात घालून टाक.

तिचं उत्तर येईल का, मला माहीत नाही. आलं आणि त्यात काही कडू असलं, तर माझ्यासाठी मऊ शब्द शोधत बसू नकोस. तिने जो लिहिला असेल तोच मराठीत सांग.

माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी मंदामावशी